लेवीयपाशी थांबणारं वाचन आणि चाकणची नोकरी

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या एक ताई, वय ३६, राहायला कर्नाळ रोडला, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. जन्मापासून मंडळीत (चर्चमध्ये) आहेत. दर १ जानेवारीला 'वर्षभरात संपूर्ण बायबल' हा तक्ता फ्रिजवर लागतो आणि दरवर्षी वाचन लेवीयपाशी, म्हणजे बायबलच्या तिसऱ्या पुस्तकापाशी, थांबतं. सध्या रोजचं वचन म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारा फोटो. प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं, रात्री झोप नाही. पतीचा छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) आहे, त्याचे दोन हप्ते थकलेत. पतीला चाकणला एका गोदामात नोकरी मिळते आहे, महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. देवाकडे खूण मागितली, मिळाली नाही. डोळे मिटून बायबल उघडलं तर एकदा यिर्मया २९:११ हे आशेचं वचन निघालं, दुसऱ्यांदा वंशावळ. सासूबाई म्हणतात, "तुझा विश्वासच कमी पडतोय." ताईंचा प्रश्न: विश्वास वाढवायचा म्हणजे रोज नेमकं करायचं काय?

ताई, सप्रेम सलाम.

आधी त्या तक्त्याचं बोलू. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे म्हटलं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० जानेवारीतच उरकतात आणि महिना संपता संपता लेवीय पुढ्यात येतं: होमार्पण, अन्नार्पण, कोणती चरबी जाळायची, कातडीवरचा डाग याजकाने कसा तपासायचा. त्याच सुमारास यार्डात नव्या हळदीची आवक वाढते, सौदे लांबतात, घरी यायला उशीर होतो. चार दिवस बुडले की तेरा अध्याय मागे पडतात आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एवढी बाकी बघवत नाही. मग वाचनच बंद. यात तुमच्या विश्वासाचं काही बिघडलेलं नाही. तो तक्ता तुमच्या वर्षासाठी केलेलाच नव्हता, तो फ्रिजवरून काढा.

मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. चारांत ते सर्वांत छोटं, १६ अध्यायांचं, आणि भराभर पुढे सरकणारं. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये अध्यायात मधूनमधून छोटे मथळे छापलेले असतात. एका मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंत, एवढाच एका दिवसाचा भाग. बहुतेक भाग आठ ते पंधरा वचनांचे निघतात. तेरावा अध्याय जड आहे, तो दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. या चालीने मार्क संपायला दोन-तीन महिने लागतील, लागू देत. एखादा दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी पुढचा एकच भाग घ्यायचा, मागचा भरून काढायचा नाही. हा नियम कडक पाळा, कारण भरून काढायच्या नादातच वाचन मोडतं.

वेळेबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा दिसतो. प्रभू येशू पहाटे अंधारात उठून एकांती प्रार्थनेला गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे, खरं आहे. पण स्तोत्र ५५ मध्ये दावीद संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी हाक मारतो, आणि स्तोत्र ११९ लिहिणारा रात्रीच्या प्रहरी जागा राहून वचनाचं मनन करतो. पहाटे तुमच्याकडे पाणी भरणं, डबे आणि मुलाची शाळा आहे. तुमच्या दिनक्रमावरून दुपारच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटं बरी दिसतात. छापील बायबल दुकानातल्या टेबलाच्या खणात ठेवा. मोबाईलवर मराठी बायबल मिळतं, ऐकायलाही मिळतं आणि भाकरी थापताना ऐकायला ते छान आहे. पण पंधरा मिनिटांच्या वाचनाला मोबाईल नको. वरून एक मेसेज सरकला की तुम्ही गेलात.

आता त्या पंधरा मिनिटांत काय करायचं. बसल्यावर एका वाक्यात मागा की प्रभू, यातलं मला दिसू दे. मग भाग दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवत, शक्य असेल तर ऐकू येईल असं. त्यानंतर वहीत तीन छोट्या नोंदी: कोण कोणाला काय म्हणालं, मला काय खटकलं किंवा कळलं नाही, आणि आज यातलं काय करायचं. तिसऱ्या नोंदीला रोज उत्तर मिळेलच असं नाही. काही भागांतून 'आजचं काम' निघत नाही, तेव्हा ओढूनताणून काढू नका, ती ओळ कोरी राहू द्या. पण निघालं तर ते दिवसाउजेडी करता येईल इतकं लहान असावं. 'सर्वांवर प्रीती करीन' असं लिहिलं तर संध्याकाळी तपासता येत नाही. 'जाऊबाईंना आज फोन करीन' हे तपासता येतं. वचन नुसतं ऐकून विसरणाऱ्याबद्दल याकोब १:२२ ते २५ मध्ये जे म्हटलं आहे, ते एकदा सावकाश वाचा.

एक भाग सोबत करून पाहू: मार्क ४:३५ ते ४१, वादळाचा. रविवार शाळेपासून तो तुम्हाला पाठ असेल, म्हणून मुद्दाम तोच घेतला. संध्याकाळ झाली आहे, दिवसभर दाखले सांगून प्रभू दमला आहे. शिष्य त्याला 'तो होता तसाच' मचव्यात घेतात. सोबत आणखी मचवे आहेत, हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. वादळ सुटतं, लाटा आत येतात आणि तो मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे. शिष्य त्याला उठवतात ते नम्रपणे नव्हे. आम्ही बुडतोय, तुम्हाला त्याचं काहीच नाही का, अशा सुरात. आता क्रम बघा. मार्कमध्ये प्रभू आधी उठतो, वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प करतो आणि मग विचारतो की तुम्हाला अजून विश्वास नाही काय. म्हणजे कमी विश्वासाची, तक्रारीच्या सुरातली हाकही ऐकली गेली. प्रश्न नंतर आला. मत्तय ८:२६ मध्ये तोच प्रसंग आहे, तिथे प्रश्न आधी आणि वाऱ्याला धमकावणं नंतर, तेही शेजारी ठेवून वाचा. आणि शेवटचं वचन: वारा पडल्यावर शिष्यांची भीती गेली नाही, उलट ते फारच घाबरले. आता भीती वादळाची राहिली नव्हती, मचव्यात आपल्यासोबत बसलेला हा आहे तरी कोण, याची होती. सासूबाईंच्या वाक्याने तुम्ही खचलात ना, त्या दिवशी हा भाग उघडायला हवा होता.

इतकं सगळं सात वचनांत सापडतं, पण सातही वाचली तर. त्यातलं एक तोडून गुलाबाच्या फोटोवर लावलं की यातलं काही उरत नाही, आणि तुमच्या पत्रातल्या निम्म्या त्रासाचं मूळ आम्हाला इथेच दिसतं. यिर्मया २९:११ घ्या. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत' हे वचन लग्नपत्रिकेपासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे असतं. तुम्ही ते वाचलंत आणि वाटलं, झालं, चाकण पक्कं. आता अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचा. हे यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये ज्यांना धरून नेलं त्या लोकांना. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो आहे की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया लिहितो: तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असल्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. दहाव्या वचनात मुदत येते, सत्तर वर्षं. आणि त्यानंतर अकरावं. म्हणजे लवकर सुटका होणार नाही हे सांगितल्यावर दिलेली ही आशा आहे. ती तुमच्यासाठीही खरी आहे, पण ती नोकरीचा कौल म्हणून वापरता येणार नाही. खातेवहीतली मधलीच एक नोंद वाचून कोणी शिल्लक सांगितली तर तुम्ही ऐकून घ्याल का? संदर्भाशिवाय वचन फेकणं सैतानालाही जमतं. मत्तय ४ मध्ये तो स्तोत्र ९१ मधलंच वचन वापरतो.

व्हॉट्सॲपवरचं वचन बंद करायची गरज नाही. आलं की त्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वचनं बायबलमध्ये काढून वाचा, एवढीच अट. आणि डोळे मिटून बायबल उघडणं मात्र आजपासून थांबवा. त्यात नको ते निघालं तर जीव घाबरतो आणि हवं ते निघेपर्यंत माणूस पुन्हा पुन्हा उघडतो. वंशावळ निघाली तेव्हा तुम्हीही पुन्हा उघडलंच असणार.

मन भरकटतं त्याचं. रिकाम्या हाताने प्रार्थनेला बसलं की डोक्यात हप्ता येणारच. म्हणून स्तोत्र पुढ्यात घेऊन बसा आणि एकेक वचन आपल्या शब्दांत देवाशी बोला. तुमच्यासाठी स्तोत्र १३ निवडलं आहे, सहाच वचनं आहेत. पहिली दोन तक्रार, 'हे परमेश्वरा, कोठवर?' पुढची दोन मागणं. शेवटची दोन भरवसा. या साच्यात स्वतःची सहा वाक्यं लिहा. तक्रार मोघम नको: दोन हप्ते थकलेत, फायनान्सवाल्याचा फोन आला की पोटात गोळा येतो, हे असंच लिहा. देवाला शिष्टाचाराची भाषा लागते असा आपल्याकडे एक समज आहे, तो स्तोत्रं वाचल्यावर टिकत नाही. शेवटच्या दोन ओळी मनापासून येत नसतील तरी दाविदाच्या शब्दांत म्हणा, आणि तेही जमत नसेल अशा दिवसासाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्यानंतर ४२, ७३, ७७ आणि १२१ असा क्रम ठेवा. मध्येच किराणा आठवला तर कागदाच्या कडेला लिहून ठेवा आणि पुढचं वचन घ्या. मनाशी भांडत बसू नका.

पाठांतर आठवड्याला एक वचन, जास्त नको. चिठ्ठी ओट्यासमोरच्या फरशीवर चिकटवा, म्हणताना आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ. पहिल्या आठवड्यासाठी स्तोत्र ५६:३ घ्या. भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन, अशा अर्थाचं ते आहे. भीती वाटणारच नाही असं दावीद तिथे म्हणत नाही. पाठांतराला मात्र मंडळीत वाचतात तेच भाषांतर धरा, सोपं भाषांतर समजून घ्यायला ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की काहीच पाठ होत नाही.

भरवशाबद्दल एक गैरसमज तुमच्या पत्रात पानोपानी आहे: काळजी वाटली म्हणजे भरवसा नाही, आणि काही हातपाय हलवले म्हणजे तर नाहीच. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की तुम्ही गाद्या आणि धान्य माळ्यावर चढवता. तेव्हा कोणी 'तुझा विश्वास कमी' म्हणत नाही. फिलिप्पै ४:६ मध्ये चिंता करू नका म्हटलं आहे आणि त्याच वचनात पुढे काय करायचं तेही सांगितलं आहे: आपली मागणी आभारप्रदर्शनासह देवाला कळवा. मागणी कळवायची तर ती नेमकी काय ते माहीत हवं. म्हणून रात्री झोपण्याआधी वहीचं पान मध्ये रेघ मारून दोन भागांत करा. डावीकडे उद्या माझ्या हातात काय आहे, उजवीकडे काय नाही. डावीकडे: कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत जाऊन भेटणं, हप्ता लहान करून मुदत वाढवण्याचा अर्ज लेखी देणं, पोच घेणं. हे तिसरा हप्ता चुकायच्या आत करा, कारण थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज एनपीएत (थकीत, अनुत्पादक कर्जात) जातं आणि मग बोलणी अवघड होतात. उजवीकडे: भाडी मिळतील का, डिझेल वाढेल का. उजवी बाजू एकेक ओळ वाचत देवाच्या स्वाधीन करा आणि वही मिटा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या मागण्यात आजचाच दिवस आहे. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेला मान्ना, म्हणजे अन्न, तोही रोजचाच होता. निर्गम १६ मध्ये दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, तो मात्र टिकला.

इतकं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप आली नाही, छातीत धडधड राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा (१ राजे १९) देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाशी बोलणं त्यानंतर झालं. शेजारच्या मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं ते याच समजुतीने की प्रार्थना आणि औषध यांचं वैर नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. विश्वास मोजण्याची घाई ईयोबाच्या मित्रांनीही केली होती आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर (ईयोब ४२:७), हे तुमच्यापुरतं लक्षात असू द्या, त्यांना ऐकवू नका. मार्क ९:२४ मधल्या बापाची प्रार्थना तुमच्यासाठी आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने त्याला परत पाठवलं नाही. सासूबाईंना कामाला लावा. त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आणि निम्मी स्तोत्रं पाठ असतील. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं सायंप्रार्थना ठेवा: एक भजन त्या सांगतील ते, एक लहान स्तोत्र मुलाने वाचायचं, आणि प्रत्येकाने एकच वाक्य प्रार्थना. दहाची वीस मिनिटं झाली की मूल पळतं, तेव्हा घड्याळ पाळा. बोचरं बोलणारी माणसं आपल्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करू लागली की पुष्कळदा बोलणं बदलतं. नेहमी नाही.

वहीतल्या 'कळलं नाही' या नोंदी महिन्यातून एकदा पाळकसाहेबांकडे किंवा महिला मंडळात घेऊन जा. जन्मापासून मंडळीत असून हे कसं विचारू, असं तुम्ही लिहिलंय. कूशी (इथियोपियाचा) षंढ मोठा अधिकारी होता. फिलिप्पाने विचारलं, वाचता ते समजतं का, तर तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार (प्रे. कृत्ये ८). लेवीयही असंच कोणाबरोबर तरी वाचण्याचं पुस्तक आहे. हळदीचा हंगाम सरल्यावर अध्याय १६ घ्या आणि लगेच इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० वाचा, मग रक्त आणि याजक कशासाठी ते उलगडतं. आणि यूट्यूबवर जो उपदेशक अमुक रक्कम 'बीज' म्हणून पाठवा, कर्ज फिटेल असं सांगतो, त्याला एक रुपया पाठवू नका. हे पाळकसाहेबांना विचारायचीही गरज नाही.

राहिली चाकणची गोष्ट. खूण मागण्यासाठी लोक गिदोनाच्या लोकरीकडे बोट दाखवतात (शास्ते ६): लोकर रात्री बाहेर ठेवून तिच्यावरच्या दवाची खूण त्याने देवाकडे मागितली. पण गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर त्याने धीर होईना म्हणून मांडली. देवाने सांभाळून घेतलं, एवढंच. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत आणि दोन्हींत पाप नाही. अशा ठिकाणी पवित्र शास्त्र खुणेपेक्षा शहाणपण मागायला सांगतं (याकोब १:५), बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मांडायला सांगतं (लूक १४:२८) आणि पुष्कळांचा सल्ला घ्यायला सांगतं (नीतिसूत्रे १५:२२). प्रे. कृत्ये १५ मध्ये मंडळीचा एवढा मोठा निर्णय झाला तोही बराच वादविवाद होऊन, आणि तरी त्यांनी लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं.

म्हणून या शनिवारी दोघांनी कागद घेऊन बसा. एका बाजूला गाडी: गेल्या सहा महिन्यांची भाडी, त्यातून डिझेल, हप्ता, विमा, टायर आणि दुरुस्ती वजा. दुसऱ्या बाजूला चाकण: हातात येणारा पगार, खोलीचं भाडं आणि डिपॉझिट, मेस, महिन्यातून दोनदा सांगलीला येण्याचा खर्च. गाडी विकली तर कर्ज फेडून काय उरतं, आणि विकली नाही तर ती कोण चालवणार, हे वेगळं लिहा. आकड्यांत न बसणारंही लिहा: मुलगा पाचवीत आहे, बाप आठवडाभर दिसणार नाही, पतीची तिथली मंडळी कोणती. नोकरीत पहिले किती महिने ठेकेदाराकडे, ते नोकरी देणाऱ्या माणसाला स्पष्ट विचारा. मग तो कागद दोन जणांना दाखवा. एक मंडळीतलं वडीलधारं, एक वाहतुकीच्या धंद्यातलं, मग ते ख्रिस्ती नसले तरी चालतील. आठवडाभर कागद पुढे ठेवून दोघांनी मिळून प्रार्थना करा, वेगवेगळी नको, कारण वेगवेगळ्या प्रार्थनेत प्रत्येकाला आपल्या मनातलंच उत्तर ऐकू येतं. महिनाअखेरच्या तीन दिवस आधी निर्णय घ्या, पतीने स्वतः फोन करून कळवावं. हो म्हणायचं ठरलं तर गाडी लगेच विकू नका. पहिले तीन महिने ती ओळखीच्या चालकाला लेखी करारावर चालवायला द्या, परवाना आणि विम्याची कागदपत्रं तपासून, आणि चाकणचं बस्तान बसतंय का ते बघा.